गल्ल्याची किल्ली आणि गाडीची किल्ली

सकाळचे दहा वाजलेले असतात. बाजार समितीच्या दिशेने कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि नामपूरच्या पेठेत गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू झालेली असते. वडील गल्ल्यावर असतात, नोकर मालाच्या गाडीत गुंतलेला असतो आणि बँकेत भरणा करणे तर आजच आवश्यक असते. अशा वेळी दुकानाच्या पायरीशी उभ्या असलेल्या मोटारसायकलची किल्ली सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पडते. आतून आजीचा आवाज येतो, ‘अरे, त्याला परवाना कुठे आहे?’ त्यावर वडिलांचे उत्तर ठरलेले असते, ‘बा, गावातल्या गावात तर जायचे आहे!’

हा प्रसंग कोणा एका घरचा नाही. नामपूर असो, सटाणा असो की ताहराबाद, ज्या घराचा उंबरठा आणि दुकानाची पायरी जवळजवळ आहेत अशा बहुतेक घरांत तो कधी ना कधी घडतो. नव्या वाहनचालकाचा प्रवास परवान्याच्या अर्जापासून सुरू होतो असे मानले जाते. प्रत्यक्षात तो या एका वाक्यापासून सुरू होतो. म्हणून अर्जाची माहिती घेण्यापूर्वी या वाक्याचा विचार करणे योग्य ठरेल.

तेच वडील त्याच मुलाला गल्ल्यावर बसवतात का? व्यापारी घराण्यात शिक्षणाची एक क्रमवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मुलगा प्रथम पुड्या बांधतो, मग काटा धरतो, मग बिल लिहितो. पुढे वहीतील जमा-नावे समजू लागते, गावोगावची उधारी आणि माणसांची पारख कळू लागते. त्यानंतर केव्हातरी तो गल्ल्यावर बसतो, आणि तिजोरीची किल्ली तर कधी कधी त्याच्या लग्नानंतरच त्याच्या स्वाधीन होते. या विलंबात अविश्वास नसतो, शहाणपण असते. गल्ल्यात झालेली चूक पुढच्या हंगामात भरून निघते, तरीही तिथे इतकी सावधगिरी बाळगली जाते. रस्त्यावर झालेली चूक मात्र अनेकदा भरून निघतच नाही, आणि तिथली किल्ली सर्वांत आधी दिली जाते.

या घाईला एका जुन्या समजुतीचा आधार मिळतो. ‘सोळा वर्षे झाली की बिनगिअरची गाडी चालते,’ असे अनेक घरांत अजूनही सांगितले जाते. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांची सवलत आहे हे खरे. पण ती केवळ 50 सीसीपेक्षा अधिक क्षमता नसलेल्या इंजिनाच्या दुचाकीपुरती आहे. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने बाजारात आणलेली लुना ज्या पिढीने चालवली, त्या पिढीच्या मनात ही सवलत घर करून राहिली आहे. आज दुकानासमोर उभ्या असणाऱ्या बहुतेक स्कूटर 100 ते 125 सीसीच्या असतात. त्या बिनगिअरच्या असल्या तरी त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हावीच लागतात. विजेवरील गाड्यांबाबतही असाच घोटाळा होतो. मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या गाडीलाच परवान्यातून सूट आहे. त्याहून वेगवान विजेची स्कूटर कायद्याच्या दृष्टीने पूर्ण मोटार वाहन ठरते.

2019 मध्ये या कायद्यात झालेली दुरुस्ती तर प्रत्येक गृहस्थाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी आहे असे गृहीत धरले जाते. आपल्या नकळत हे घडले, किंवा ते टाळण्यासाठी आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि 25 हजार रुपये दंड अशी आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. जो मुलगा पुढे दुकानाचा कारभार पाहणार आहे, त्याने ऐन उमेदीची सात वर्षे दुसऱ्याच्या मागे बसून वसुलीला जावे, एवढी किंमत ‘गावातल्या गावात’ या दोन शब्दांची असू शकते.

विम्याचा हिशेबही व्यापाऱ्याला समजण्यासारखा आहे. चालकाजवळ परवाना नसेल, तर अपघातग्रस्ताची भरपाई विमा कंपनीने आधी द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. म्हणजे हप्ता भरूनही बोजा अखेर घरावरच येतो. विम्यासोबत घेतले जाणारे मालक-चालकाचे 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याजवळ वैध परवाना आहे त्याच्यापुरतेच असते. वडिलांच्या नावावरील गाडी मुलाने चालवली तर ते त्याला लाभत नाही.

मार्ग मात्र कठीण नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच केंद्र शासनाच्या सारथी संकेतस्थळावर शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो. वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि प्रकृतीविषयीचे स्वतःचे निवेदन एवढीच मुख्य तयारी लागते. वाहतुकीच्या खुणा आणि नियम यांवर परीक्षा होते व तिच्यात किमान 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात जून 2021 पासून आधारच्या साह्याने ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय आहे. सोय घरी आली तशी एक पळवाटही घरी आली. मुलगा शेजारी बसून राहतो आणि उत्तरे दुसराच कोणी देतो. परवाना पदरात पडतो. पण समोरून येणाऱ्या ट्रकला ही उत्तरे कोणी दिली होती हे ठाऊक नसते.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर लावावे लागते. मागे शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही बसवता येत नाही. म्हणजे मित्र नाही, धाकटी बहीण नाही. नामपूर, सटाणा हा बागलाण तालुक्याचा भाग मालेगावच्या परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे एम. एच. 41 या क्रमांकाच्या कक्षेत येतो. चाचणीची वेळ आधी नोंदवावी आणि जाताना शिकाऊ परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, चालू विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि हेल्मेट बरोबर न्यावे. ज्या प्रकारची गाडी चाचणीला नेली जाते त्याच प्रकारचा परवाना मिळतो, म्हणून गिअरची मोटारसायकल नेणे हिताचे ठरते. तिचा परवाना बिनगिअरच्या स्कूटरलाही चालतो, हे मुलींच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे. महाविद्यालयासाठी सटाणा किंवा मालेगावला जाणाऱ्या मुलीला ‘स्कूटरपुरता’ परवाना काढून देण्याची रीत आता सोडून द्यायला हरकत नाही. सरकारी शुल्क काही शे रुपयांचेच असते. तिसाव्या वर्षापूर्वी मिळालेला परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो.

हे झाले कागदाचे. हाताचे शिक्षण त्याहून मोलाचे आहे, आणि शिकाऊ परवान्याचे पहिले तीस दिवस ही त्याची खरी शाळा होय. कायद्याने घातलेली ही मुदत म्हणजे मधला खोळंबा असे अनेकांना वाटते. पण काटा धरायला शिकण्याचेच हे दिवस असतात. पहिला आठवडा गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात जावा. क्लच हळूहळू सोडणे, गाडी अगदी मंद वेगात तोलून धरणे, वळताना नजर चाकाकडे न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवणे, एवढेच तिथे शिकावे. मंद वेगात ज्याचा तोल राहतो त्याला वेगात गाडी आवरता येते. उलट क्रमाने शिकलेला मात्र ऐन गर्दीत अडखळतो.

ब्रेकविषयी एक गैरसमज गावोगाव पसरलेला आहे. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, असे सांगून नव्या मुलाला केवळ मागच्या ब्रेकची सवय लावली जाते. वास्तविक गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि क्रमाने दाब वाढवत लावावेत. वाळूवर, चिखलावर किंवा वळणावर पुढचा ब्रेक झटक्याने दाबू नये. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांवर एकत्रित काम करणारी ब्रेकप्रणाली आणि त्यावरील गाड्यांना चाक न अडकू देणारी एबीएस प्रणाली आवश्यक झाली. घरातील जुन्या गाडीत यांपैकी काही असेलच असे नाही, हे मुलाला सांगून ठेवावे.

वेगाचा हिशेब तर वहीतल्या व्याजासारखा असतो. दिसतो थोडा, वाढतो फार. धोका दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे जाते, तर ताशी 60 च्या वेगात जवळजवळ सतरा मीटर. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच पेठेतील चार-पाच दुकाने मागे पडलेली असतात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते.

मोसम खोऱ्यातील रस्त्यांची स्वतःची अशी एक परीक्षा असते, आणि ती कोणत्याही संकेतस्थळावर नाही. कांद्याच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. उसाच्या दिवसांत बैलगाड्या आणि जोड-ट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापतात. पहिल्या पावसात शेतातून आलेल्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. म्हणून घरानेच काही मर्यादा घालून द्याव्यात. पहिले तीन महिने दिवस मावळल्यानंतर गाडी न्यायची नाही. मागे कोणी बसवायचे नाही. चालवताना फोन घ्यायचा नाही, आणि घरच्यांनी तेवढ्या वेळात करायचाही नाही. ‘पटकन ये’ हे शब्द तर वडिलांनी आपल्या बोलण्यातून काढूनच टाकावेत. भरणा उद्या करता येईल, वसुली परवा होईल.

हेल्मेटविषयी वाद घालण्याचे कारण उरलेले नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे 75 हजार दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या 50,029 होती. त्यांत मागे बसलेले 14 हजारांहून अधिक होते. म्हणून आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेट घ्यावीत आणि हनुवटीखालचा पट्टा बांधूनच निघावे. नवी गाडी घेतली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, तिला घेऊन मांगी-तुंगीला जाण्याचा बेत ठरतो. त्या दिवशी गाडीला हार घातला जातो, तसे चालकाच्या डोक्यावर हेल्मेटही असावे. आनंदाच्या यादीत ते सहसा राहून जाते.

घरातली आजी पहाटे उठून पाणी गाळते. गाळण्याच्या कापडात डोळ्यांना न दिसणारा जीव असेल म्हणून ती तेवढी जयणा पाळते. चूल पेटवण्यापूर्वी ती एकदा वाकून पाहते. या घरचा नातू जेव्हा ताहराबादच्या रस्त्याला लागतो, तेव्हा त्याच्यापुढचे जीव तर उघड दिसणारे असतात. शाळेला निघालेली मुले असतात, पाठीवर ओझे घेतलेला मजूर असतो, रस्ता ओलांडणारी शेळी असते. पहाटेच्या धूसर प्रकाशात रस्त्याच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वीही असतात. विहारातील अपघाताची वार्ता आली की गावोगाव शोक होतो, सभा होतात, वाहनचालकाला दोष दिला जातो. तो चालकही कोणाच्या तरी घरचा मुलगा असतो, आणि त्याच्या हाती किल्ली देणारेही कोणी तरी असते.

म्हणून वर्षा-दोन वर्षांनी जेव्हा परवाना टपालाने घरी येईल, तेव्हा किल्ली देण्याचा तो क्षण सहज निघून जाऊ देऊ नये. गल्ल्यावर प्रथम बसवताना वडील मुलाला जवळ बोलावतात आणि दोन शब्द सांगतात, तसेच त्या दिवशीही सांगावेत. तोपर्यंत भरण्याची पिशवी घेऊन पायी बँकेत जाणाऱ्या मुलाला दहा मिनिटे जास्त लागतील. तेवढा वेळ गल्ला थांबू शकतो.