सुगी सरली, कोठार राहिले

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तोवर आपल्या खनिज तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. पुढच्या दोन वर्षांत तो एकतृतीयांशाच्याही वर गेला. गरजेचे 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणणाऱ्या देशाने सवलतीत मिळणारे तेल घेतले, यात गैर काहीच नव्हते. रशियाचा वायू स्वतः खरेदी करत राहिलेल्या युरोपने त्यावर नाक मुरडावे, हे तर फारच झाले. ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्प यांनी याच खरेदीचा दंड म्हणून 25 टक्के जादा आयातशुल्क लादले, तेव्हाचा आपला संतापही रास्त होता. पण दुसऱ्याच्या दांभिकपणावर बोट ठेवले म्हणून आपला हलगर्जीपणा झाकला जात नाही. स्वस्ताईच्या या सुगीत आपण कोठार का भरले नाही, हा प्रश्न दिल्लीलाच विचारावा लागेल.

हे कोठार म्हणजे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे जमिनीखाली खडक कोरून केलेली दालने. भोवतालच्या भूजलाचा दाब तेल आत कोंडून ठेवतो, पोलादी अस्तराचीही गरज नाही. तिन्हींची क्षमता 53.3 लाख टन. सरकारी हिशेबानेच ती देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज, तीही 2019-20 च्या खपावर मोजलेली. ही दालने कशी वापरायची हे आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत भाव कोसळताच सरकारने पिंपाला सरासरी 19 डॉलरने तेल घेऊन ती भरली आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचवले. पुढे मात्र सुस्ती आली. चंडीखोल व पादूर येथील 65 लाख टनांच्या वाढीव साठ्याला जुलै 2021 मध्ये मंजुरी मिळाली; त्यानंतर गाडा रखडला. 2023-24 च्या अर्थसंकल्पात तेलखरेदीसाठी ठेवलेले पाच हजार कोटी वर्ष संपण्याआधीच पुढे ढकलले गेले. त्याच वर्षी तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून 80 हजार कोटींच्या आसपास नफा कमावला! आधीच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी तोटा सोसला होता हे खरे, तरी पैसा नव्हता असे म्हणायला जागा उरत नाही.

कंपन्यांच्या टाक्यांत आणखी 64 दिवसांचा साठा असतो, असे उत्तर येईल. पण त्यातला बराचसा शुद्धीकरण कारखाना चालू राहावा म्हणूनच लागतो. संकटात तो उपसला की कारखानाच थांबेल. विजेवरची वाहने येत असताना तेलासाठी खडक फोडायचे कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र मालमोटारी अजून डिझेलवरच धावतात, आणि आखाती तेलाची वाट असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतले संकट आपले संक्रमण पूर्ण होईस्तोवर थांबणार नाही. साठा हे सौदेबाजीचेही बळ असते. महिनाभर कळ काढू शकणारा ग्राहक धमकीला वेगळे उत्तर देतो. आणि पैशाचे म्हणाल तर, एप्रिल 2025 मध्ये तेलाचे भाव उतरल्यावर केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचे उत्पादनशुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवले. वर्षाला ढोबळमानाने 30 हजार कोटींची ती वसुली. तिचा छोटा हिस्सा या दालनांसाठी बाजूला काढायला कोणा परक्या राजधानीची परवानगी लागत नव्हती.