मूल शाळेतून काढण्याआधी कायदा वाचा

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपली मुले सर्वांच्या वर्गात बसवली. सक्ती आणि समता या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्रच आणल्या.

आज त्याच कोल्हापुरात आपल्यातील काही पालक विचारतात, "मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवले तर कायदा काय म्हणतो?"

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य मोडल्यास या कायद्यात दंड नाही. घरच्या शिक्षणाला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि शिक्षाही नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा, किंवा दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म, हे मार्ग आहेत.

ज्या घरात शिकलेले आईवडील, पुस्तके आणि वेळ आहे, तिथे हे जमेलही. पण कायद्याच्या याच मौनाआड वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले मूल, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी 'घरी शिकते' म्हणून सहज झाकली जाईल. शाळा सुटली की दुपारचा पोषण आहार जातो, शिष्यवृत्ती जाते आणि मुलाची नोंदही पुसट होते. म्हणून घरच्या शिक्षणाला मान्यता द्यायची असेल, तर नोंदणी आणि नियमित तपासणी हवीच, असे आमचे मत आहे.

काही पालक मात्र वर्गात होणाऱ्या जातीच्या अपमानामुळे मूल काढतात. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. पण अपमान करणारा वर्गात राहतो आणि आपले मूल बाहेर पडते, हा कुठला न्याय? कलम ८ आणि ९ नुसार वंचित घटकातील मुलाशी भेदभाव होऊ न देणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करते. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

शाळा आधीच सुटली असेल, तरी कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसले, पण त्यांनी शाळा सोडली नाही. आज आपल्या हाती कायदा आहे. प्रत्येक वस्तीतील तरुणांनी शाळेबाहेरच्या मुलांची यादी करावी आणि तक्रार लिहायला पालकांच्या शेजारी बसावे.

जय भीम!