गाण्याला पत्ता हवा

इंडियन ओशनच्या चाहत्यांमध्ये एक वाक्य इतके रुळले आहे की ते आता मत राहिलेले नाही, नुसती सवय झाली आहे: 'कंदीसानंतर काही खरे नाही.' वीसहून अधिक वर्षे मी हा बँड ऐकते आहे आणि हे वाक्य मला मान्य नाही. समीक्षणांत भेटणारे दुसरे वाक्य, 'आता त्यांचे संगीत अधिक प्रगल्भ झाले आहे', हेही मला मान्य नाही. पहिले वाक्य आळशी आहे, दुसरे भिडस्त. दोन्ही म्हणणाऱ्यांनी नंतरचे अल्बम एकदा कानाखालून घालून बाजूला ठेवले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

ज्यांचा या बँडशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी तो सुरू केला. सुस्मित गिटार वाजवायचा, असीम तबला वाजवत गायचा. पुढे राहुल राम बेस गिटार घेऊन आला आणि अमित किलम ड्रम्सवर बसला. या चौघांनी 'डेझर्ट रेन' (१९९७), 'कंदीसा' (२०००) आणि 'झीनी' (२००३) हे अल्बम केले, 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाला संगीत दिले. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम गेला. २०१३ मध्ये सुस्मित बँडमधून बाहेर पडला. चौघांपैकी आता राहुल आणि अमित उरले आहेत. सोबत गिटारवर निखिल राव, गायला हिमांशु जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती. उत्तरार्ध म्हणतात तो तीन अल्बमांचा: '१६/३३० खजूर रोड' (२०१०), 'तंदानू' (२०१४) आणि 'तू है' (२०२३).

जुन्या चाहत्यांचे दुखणे मला कळते. असीमचा तो भरदार, किंचित खरखरीत आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही. एकच सूर घोळवत घोळवत गाणे हळूहळू तापवायची सुस्मितची रीत दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि निखिल रावने तिची नक्कल केली नाही हे बरेच झाले. पण माणसे गेली म्हणून गाणी गेली, हे कारण मला अपुरे वाटते. आपल्या मराठीपुरते बघा. वारीत अभंग म्हणणारा गळा दर पिढीला बदलतो. दिंडीतला जुना विणेकरी गेला तर लोक हळहळतात आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून चालू लागतात. अभंग टिकतो, कारण तो कुठून निघाला आणि कुठे पोचायचा आहे हे म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याला देहू आहे, आळंदी आहे, पंढरपूर आहे.

इंडियन ओशनच्या चांगल्या काळातल्या गाण्यांनाही असाच पत्ता होता. राहुल राम कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतला आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला. 'मा रेवा' हे गाणे बँडकडे आले ते त्या खोऱ्यातून. 'कंदीसा' ही केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. 'हिल्ले रे'च्या मागे गोरख पांडे यांची भोजपुरी कविता आहे, तीही सभा-मोर्चांत म्हटली जाणारी. 'डेझर्ट रेन'चे ध्वनिमुद्रण झाले ते १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत, सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात. 'झीनी'ला कबीराचा माग आहे. 'बंदे' १९९३ च्या स्फोटांनी हादरलेल्या मुंबईचे आहे. बँडने ही गाणी हवेतून काढली नव्हती. ती कोणाची तरी होती, कशासाठी तरी म्हटली जात होती. चौघांनी ती उचलली, तापवली, लांबवली आणि आपल्यापर्यंत आणली. मूळ म्हणणाऱ्यांचा घाम मात्र त्यांनी पुसून टाकला नाही. या बँडचे मोठेपण माझ्या मते यात होते, सुट्या वाद्यांच्या करामतीत नव्हते.

हे मानले की नंतरचे अल्बम वेगळे ऐकू येऊ लागतात. '१६/३३० खजूर रोड' हे तर नावच एक पत्ता आहे: करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात बँड वर्षानुवर्षे तालीम करत होता, त्याचा. असीमचा आवाज असलेला हा शेवटचा अल्बम. जुलै २०१० पासून बँडने दर महिन्याला एक गाणे सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या दाराशी उभे राहायचे नाकारले. यातले न. म. राशिद यांच्या कवितेवरचे गाणे 'पीपली लाइव्ह'मुळे खूप जणांच्या कानावर गेले. ही कविता थेट समोरच्याला प्रश्न विचारते आणि बँडही ती तशीच म्हणतो, आडपडदा न ठेवता. 'कंदीसानंतर काही नाही' म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की हा अल्बम 'झीनी'च्या तोडीचा आहे आणि काही ठिकाणी तिच्यापेक्षा मोकळा. असीमच्या मृत्यूमुळे लोकांनी तो श्रद्धांजली म्हणून ऐकला आणि श्रद्धांजली म्हणून कपाटात ठेवला. चांगल्या अल्बमची यापेक्षा मोठी उपेक्षा नसेल.

'तंदानू'बद्दल माझी तक्रार आहे. सात गाणी आणि प्रत्येक गाण्याला पाहुणा: शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विशाल ददलानी, विश्वमोहन भट्ट, कुमरेश, सेल्वगणेश, कर्ष काळे. यातला एकही लहान माणूस नाही आणि अडचण तीच आहे. पाहुणा आला की पंगत त्याच्याभोवती फिरते. गाणे जरा कुठे रंगात येते तोवर पाहुण्याची पाळी लागते, तो आपले कसब दाखवतो, आपण वा म्हणतो आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून चढायला लागते. पूर्वी दहा-दहा मिनिटे एकाच चढणीवर चालत राहण्याचा जो दम या बँडकडे होता, तो इथे आदरातिथ्यात खर्च झाला. तरी याच अल्बममध्ये 'चीतू' आहे, नर्मदेच्या बाजूच्या आदिवासी मुलखात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या एका वीराचे गाणे. ते सुरू झाले की पाहुणे कोण आणि घरचे कोण हा हिशेब सुटतो. सगळे एकाच वाटेने पळतात, कारण वाट ठरलेली आहे.

जुन्या चाहत्यांच्या युक्तिवादाला खरा छेद देते ते २०१५ चे 'मसान'. तेव्हा असीम नव्हता, सुस्मितही नव्हता. संगीत इंडियन ओशनचे, शब्द वरुण ग्रोवरचे. 'तू किसी रेल सी' स्वानंद किरकिरेने गायले आहे, म्हणजे आपल्याच इंदूरच्या मराठी मुलाने. बनारसचे घाट, रेल्वेचा पूल, चिता जाळणाऱ्या घरातला मुलगा, एवढे सगळे समोर होते आणि बँडने एकही सूर वाया घालवला नाही. ज्यांना वाटते की दोन माणसे गेल्यावर या लोकांना संगीत सुचेनासे झाले, त्यांनी 'मन कस्तूरी' ऐकावे आणि मग माझ्याशी भांडायला यावे. जागा दिली की बँड अजून वाजतो. म्हणून 'तू है'बद्दल बोलताना बँडच्या वयाची सबब मी चालू देणार नाही.

'तू है' नऊ वर्षांनी आला. माणूस, निसर्ग आणि ही पृथ्वी यांच्या नात्याभोवती तो फिरतो. ध्वनिमुद्रण देखणे आहे, हिमांशुचा आवाज उंच आणि स्वच्छ आहे, तालाची गुंतागुंत पूर्वीपेक्षा जास्तच आहे. विषयाचे महत्त्व तर कोण नाकारेल? पण पुन्हा पुन्हा ऐकूनही मला त्यात जागा ऐकू येत नाही. पृथ्वी आहे, गाव नाही. निसर्ग आहे, पण कोणाच्या परसातले झाड नाही. इतक्या उंचावरून पाहिले की सगळेच सुंदर दिसते आणि कोणाशीच भांडण उरत नाही. नर्मदेच्या काठाने एकेकाळी 'मा रेवा' म्हणणाऱ्या लोकांचे मात्र भांडण होते. त्यांची नदी धरणात चालली होती.

हे मी नवा रायपुरात बसून लिहिते आहे आणि त्याचा इथे संबंध आहे. 'कंदीसा' आला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य झाले. २०१२ मध्ये मंत्रालय जुन्या रायपुरातून इकडे आले. इथे पत्ता म्हणजे सेक्टर आणि आकडा. राखी, परसदा, उपरवारा, तूता ही गावे त्या आकड्यांच्या अधेमधे अजून आहेत, पण रिक्षावाल्याला गावाचे नाव सांगितले तर तो उलट सेक्टर विचारतो. २०२२ च्या सुरुवातीला इथल्या सत्तावीस गावांचे शेतकरी भरपाई आणि पुनर्वसनासाठी अनेक आठवडे धरणे धरून बसले होते. शहरातली धरणीसुद्धा आता इकडेच येतात: पूर्वी ती रायपुरात बूढा तालाबाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बसत, आता तूत्याच्या माळावर बसतात. तिथे कोणी कितीही जीव तोडून गायले तरी ऐकायला पोलीस आणि बगळे. गाणे त्याच्या जागेवरून उचलले की त्याचा आवाज किती कमी होतो, हे मला अल्बम ऐकून शिकावे लागले नाही.

याच मुलखातली ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. हसदेव अरण्यातले आदिवासी कोळसाखाणींविरुद्ध सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपुरात आले होते. पृथ्वीवर गाणे करायचे तर पृथ्वी ही अशी, पायाला फोड आणणारी. आणि मातीवरच बोलायचे तर 'पीपली लाइव्ह'मध्येच इंडियन ओशनच्या शेजारी नगीन तनवीर यांनी गायलेले 'चोला माटी के राम' आहे. ते छत्तीसगडी गाणे आहे, हबीब तनवीर यांच्या नया थिएटरच्या परंपरेतले, आणि हबीबसाहेब याच रायपुरात १९२३ साली जन्मले. देह मातीचा आहे एवढीच त्यातली गोष्ट, पण ती सांगणाऱ्याच्या नखांत माती आहे. एकाच चित्रपटात दोघेही होते. बँडने शेजाऱ्याकडून एवढे घ्यायला हरकत नव्हती.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: साठीच्या माणसांनी पुन्हा खोऱ्यात जाऊन झोपडीत राहावे असे तुझे म्हणणे आहे का? नाही. 'मसान'साठी कोणी चिता रचायला गेले नव्हते. वरुण ग्रोवरसारखा, नेमके बघणारा लेखक मिळाला आणि तेवढे पुरले. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आदिवासींची, भक्तांची, मोर्चेकऱ्यांची गाणी शहरातल्या बँडने उचलणे हीच लूट नाही का? मग स्वतःचे, कोणाचेही नसलेले गाणे लिहिणे जास्त प्रामाणिक नव्हे का? मला हे पटत नाही. उचललेल्या गाण्याचा धनी कोण हे मोठ्याने सांगता येते, त्याच्या बाजूने उभे राहता येते आणि राहुल राम तसा उभा राहिलेला माणूस आहे. कोणाचेही नसलेले गाणे कोणालाच बांधील नसते. त्यात धोका नाही, म्हणून ताणही नाही.

उरला प्रश्न आपला, ऐकणाऱ्यांचा. उपरवाऱ्याला पुरखौती मुक्तांगणात नाचणाऱ्यांचे पुतळे आहेत. हात वर, पाय उचललेला, ढोल गळ्यात. सुबक आहेत, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या दहा मिनिटांत 'कंदीसा, कंदीसा' ओरडणारे आपण चाहते या बँडचे तेच करतो आहोत. दोन हजार सालच्या पायावर त्यांनी उभे राहावे आणि पाय खाली टेकू नये, अशी आपली इच्छा असते. मग त्यांनी नवे काय केले, कुठे चुकले, कुठे जिंकले, हे सांगायला कोणी उरत नाही. बँडला टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही.

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. चाहत्यांनी '१६/३३०' कपाटातून काढावा आणि असीमसाठी न रडता, नुसता गाणी म्हणून ऐकावा. 'तंदानू'मधले 'चीतू' मोठ्या आवाजात लावावे. 'तू है' आवडला नसेल तर का आवडला नाही हे नीट सांगावे, 'पूर्वीचे राहिले नाही' एवढ्यावर सुटू नये. आणि राहुल, अमित, तुम्हाला एवढेच सांगायचे: पुढचा अल्बम येईल तेव्हा त्यात पाहुणे कमी असू द्या आणि निदान एका गाण्याला गावाचे नाव असू द्या. कुठलेही चालेल. सुचत नसेल तर आमच्याकडे सेक्टरांच्या खाली बरीच पडून आहेत.