दौलताबादचा तलाव आणि महाडची जागा

२ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बसमध्ये स्फोट झाला. दुसऱ्या दिवसापासून लोकलच्या डब्यात दाढीवाला माणूस चढला की लोक पिशव्या जवळ ओढू लागले. मीही ओढली. रमाबाई आंबेडकर नगरात राहणारा, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून कामाला जाणारा मी! आणि समोर होता कुर्ल्याला चढणारा माझा रोजचा सहप्रवासी. त्याने पाहिले, पण तो काही बोलला नाही.

११ जुलै १९९७ रोजी आमच्याच वस्तीत पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या समाजाच्या १० जणांचे राज्य राखीव दलाच्या गोळीबारात बळी गेले. वर जमाव टँकर पेटवायला निघाला होता, असे सांगण्यात आले. अख्ख्या वस्तीवर शिक्का कसा मारतात, हे ज्याने सोसले त्याने तोच शिक्का दुसऱ्यावर मारावा?

वस्तीत काहीजण म्हणत, "बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय यांच्याबद्दल." दाखला दौलताबादचा. १९३४ साली किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांच्या काही सहकाऱ्यांनी तलावाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले, तेव्हा तलाव बाटवला म्हणून तिथल्या मुसलमानांनी शिवीगाळ केली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ही हकिकत आहे. ती खरी आहे आणि लपवण्याचे कारण नाही.

पुढे त्या सहप्रवाशाला खुलताबादच्या दर्ग्याला जायचे होते आणि मला वेरूळची लेणी पाहायची होती. रस्ता एकच, म्हणून दोन्ही कुटुंबे सोबत निघालो. वाटेत दौलताबाद लागले. किल्ल्याच्या दाराशी मी त्याला सगळी हकिकत सांगितली. वाटले, तो चिडेल. तो म्हणाला, "शरम वाटते. पण जात आमच्यातही आहे, भाऊ. नमाजला खांद्याला खांदा लावून उभे राहतात, मात्र सोयरिकीच्या वेळी बिरादरी विचारतात." मग त्याच्या घरच्यांनी डबा उघडला आणि आम्ही एका ताटात जेवलो.

परतताना मी त्याला महाड सांगितले. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपासाठी सवर्ण हिंदू जागा देईनात, तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने दिली. त्याच ठिकाणी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. माझ्या सोबत्याला फत्तेखान माहीत नव्हते. खेदाची गोष्ट ही की दौलताबादचा दाखला देणाऱ्या आपल्या माणसांनाही ते माहीत नव्हते.

अर्धी आठवण पूर्वग्रह वाढवते. शिवाय दौलताबादला बाबासाहेबांनी काय विचारले, हेही विसरू नये. तुमचा धर्म हेच शिकवतो का? आम्ही मुसलमान झालो तर पाण्याला अडवाल का? त्यांनी त्या लोकांना त्यांच्याच धर्मातल्या समतेची आठवण दिली. त्यांचे बोट अस्पृश्यतेवर होते. आज त्यांचे निवडक उतारे आपल्या हाती देऊन आपल्याला मोहल्ल्यांवर सोडू पाहणारे कोण आहेत, हे ओळखायला आपण शिकले पाहिजे. चवदार तळे गोमूत्राने शुद्ध करणाऱ्यांचेच ते वारस!

'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेच्या पुढची पायरी मानले आहे. मैत्री भाषणाने होत नाही. त्यासाठी सोबत प्रवास करावा लागतो, एकमेकांच्या घरचे पाणी प्यावे लागते आणि आपल्या चुकीची कबुलीही द्यावी लागते. पिशवीची गोष्ट मी त्याला परतीच्या गाडीतच सांगितली. तो हसला. "मला माहीत होतं," म्हणाला.

येत्या १४ एप्रिलला शेजारच्या मोहल्ल्यातले एक तरी कुटुंब जयंतीला घरी बोलवा. जयभीम!