जबडा वाचला, गिळण्याचे काय?

तोंडावाटे रोबोटने घशाचा कर्करोग काढला की जबडा चिरावा लागत नाही, हे खरेच. (मानेतल्या गाठी काढायला मात्र छेद लागतोच.) पण त्यामुळे गिळणे शाबूत राहते, हा जाहिरातींतला दावा घाईचा आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ‘ओरेटर’ चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातील ६८ रुग्ण होते. २०१९च्या निष्कर्षांत वर्षभरानंतर गिळणे किंचित सरस होते ते रेडिएशन घेतलेल्यांचे. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना रेडिएशन घ्यावे लागते. त्याचे काही परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात: आखडलेला जबडा, मंदावलेले थायरॉइड, पाणी पितानाही ठसका. अशा रुग्णाने दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्याला रेडिएशनबद्दल सांगावेच. जखम न भरता जबड्याचे हाड कुजू शकते. आणि ठसका वारंवार लागत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.