पांढरे केस, छोटी गाडी आणि आपलं हसू

मागच्या रविवारी पौडच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबले होते. ताम्हिणीच्या बाजूने एक लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी आली. टप उघडा. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. उतरताना मालकांना दाराचा आधार घ्यावा लागला. वय पासष्टीच्या पुढचं. टपरीवरच्या पोरांत हशा पिकला. "आजोबा, हे काय वय आहे का?" हसणाऱ्यांत माझा एक जुना विद्यार्थीही होता.

आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळा, तुझ्या वयात मी चेतकसाठी नंबर लावून बसलो होतो."

पोरं पुन्हा हसली. मला मात्र त्या एका वाक्यात सगळा इतिहास ऐकू आला.

'हौसेला वय नसतं' असलं गोड वाक्य मी इथे लिहिणार नाही. हौसेला वय असतं, आणि त्या वयाला कारण असतं. इंग्लंडमध्ये १९६१ साली एमजी मिजेट आली, १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर. त्या गाड्या स्वस्त होत्या, तरुणांसाठीच काढलेल्या होत्या. तिथे आज सत्तरीचा माणूस मिजेट चालवत असेल, तर तो आपलं तारुण्य जपतोय असं म्हणता येईल. आपल्याकडे जपायला होतं काय? परवान्यांच्या त्या काळात अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांपलीकडे निवड नव्हती. साध्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. १९५५ साली जन्मलेला मुलगा १९७५ साली वीस वर्षांचा झाला, तेव्हा त्याने स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली असती तर घ्यायची कुठून? सॅन स्टॉर्म आली १९९८ च्या सुमारास. तोवर हाच मुलगा त्रेचाळीस वर्षांचा, घराचे हप्ते आणि पोरांच्या फिया भरणारा बाप झालेला. मग निवृत्तीनंतर त्याने ती जुनी गाडी घेतली, तर यात हसण्यासारखं काय आहे?

आता कायद्याकडे बघा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिच्या नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. दुसरीकडे, पंधरा वर्षं झाली की साध्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला या नूतनीकरणासाठी १०,००० रुपये मोजावे लागतात. परदेशी बनावटीच्या मोटारीला ८०,०००. म्हणजे विशीत गाडी ओझं आणि पन्नाशीत वारसा! मधली तीस वर्षं तिला सांभाळायचं कुणी? टपरीवरची ती स्टॉर्म व्हिंटेज व्हायला २०४८ उलटावं लागेल. ज्याच्याकडे बंद गॅरेज आहे, शिल्लक पैसा आहे आणि रिकामा वेळ आहे, तोच हे करू शकतो. पंचविशीतला पोरगा एवढं सगळं कुठून आणणार? आधी तरुणांना दाराबाहेर ठेवायचं आणि मग आत फक्त म्हातारेच कसे म्हणून हसायचं, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर सोडतात. सोडत असतील तर तपासा, नापास करा, रस्त्यावरून काढा. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. धूर मोजता येत असताना नुसती जन्मतारीख बघून दंडासारखी फी लावण्याबद्दल आहे. कुणी असंही म्हणेल, "मॅडम, हे श्रीमंतांचे चोचले. तुम्हा शिक्षिकेला त्याचं काय?"

मला त्याचं काय, ते सांगते. माझे अब्बा मिस्त्री होते, नाना पेठेत. मालकाचं वय विचारणाऱ्यांनी कधी मिस्त्रीचं वय विचारलंय का? दोन कार्बोरेटरची गाडी आली की अब्बा रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडून हवेचा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. स्पिटफायर हेराल्डच्याच सांगाड्यावर बेतलेली, म्हणून मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचा कुठला भाग तिला चालेल, हे त्यांना तोंडपाठ. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. अब्बा गेले आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेलं. कारण आम्हा भावंडांना त्यांनीच बजावलं होतं, "हात काळे करू नका, शिका."

मी शिकले, बीएड झाले. आता माझ्या वर्गातल्या मिस्त्रींच्या पोरांना मीही तेच सांगते. मोटारदुरुस्तीत मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणावर आहेत, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवलंय. पण त्या हातांतल्या हुनराला ना प्रमाणपत्र, ना प्रतिष्ठा. मग पोरांनी त्यात का यावं? गाडीचा मालक सत्तरीचा असेल तर ती उद्या दुसरा कुणी विकत घेईल. मिस्त्री सत्तरीचा असेल आणि हाताखाली कुणी नसेल, तर ती गाडी म्हणजे नुसतं शोभेचं लोखंड.

म्हणून मालकांनाही दोन शब्द. काका, तुमचे पांढरे केस हा गुन्हा नाही. पण रॅलीत गाडीपुढे उभं राहून फोटो काढताना मिस्त्रीला बाजूला सारू नका. त्याचं नाव घ्या. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला काम शिकताना पगार मिळेल इतके पैसे द्या. आणि एखाद्या विशीतल्या मुलाच्या, मुलीच्याही, हातात कधीतरी चावी ठेवा. तुम्ही ज्या वयाला मुकलात, ते त्यांच्याकडे आज आहे.

त्या दिवशी आजोबांची गाडी चालू होईना. सगळे हसायचे थांबले. माझा तो विद्यार्थी पुढे झाला, त्याने बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीची सैल झालेली तार घट्ट बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्याचे वालिद मिस्त्री आहेत. तो हात पुसत माझ्याकडे बघून ओशाळला, जणू काही चुकीचं करताना सापडला होता.

त्याला ओशाळायला कुणी शिकवलं? मीच शिकवलं होतं. सोमवारी त्याच्या घरी गेले आणि त्याच्या वालिदांसमोर ते शब्द मागे घेतले.