सोवळं म्हणजे नेमकं काय?

यंदाच्या गौरींच्या आधीची गोष्ट. आमच्या बचत गटातल्या बायका सणासुदीला पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात. एक फोन आला, पन्नास पोळ्या हव्यात. भाव ठरला, वेळ ठरली आणि मग पलीकडून विचारणा झाली, "सोवळ्यात करता ना?" आमची अध्यक्ष म्हणाली, "हो तर! आंघोळ करून, डोक्याला रुमाल बांधून. एकदम स्वच्छ." पलीकडे जरा शांतता. "तसं नाही हो. आडनाव काय तुमचं?" हिने सांगितलं. "बरं, कळवते," म्हणाल्या बाई. अजून कळवतायत!

"ताई, सोवळं म्हणजे स्वच्छच ना?" तिने मला विचारलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पण चटकन उत्तर देता येईना.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकींनी घरात पाहिलं असेल. धुतलेलं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घालायचं, पोराचा हात लागला की पुन्हा पाण्यात. रेशमी कद मात्र रोज न धुताही सोवळाच! म्हणजे हिशेब मळाचा नव्हताच, कोण शिवलं याचा होता. 2017 साली पुण्यात स्वयंपाकाच्या बाईंनी जात लपवून सोवळं मोडलं म्हणून थेट पोलिसांत तक्रार झाली होती, आठवतं? जेवण अस्वच्छ होतं असं तिथेही कुणाचं म्हणणं नव्हतं.

याच शब्दाचं आणखी एक रूप मी लहानपणी पाहिलंय. आजीच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना माई म्हणायचो. लाल आलवण, केस काढलेलं डोकं पदराखाली झाकलेलं. 'सोवळी झाली' म्हणजे नवरा गेला आणि केशवपन झालं. तिच्या हातचा नैवेद्य देवाला चालायचा, पण कुणी शुभकार्याला निघालं की माई आपणहून माजघरात सरकायच्या. हात पवित्र आणि तोंड अपशकुनी! असा अर्थ एका शब्दात बसवणाऱ्यांची कमाल आहे.

आलवण गेलं, पण हळदीकुंकवाच्या वेळी स्वयंपाकघरात काम काढून बसणाऱ्या आपल्या नणंदा, जावा, वहिन्या अजून आहेतच. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. तो ठराव वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि माझं घर? आमच्या कामाच्या मावशी एरवी माझी कणीक मळून देतात. गौरीजेवणाच्या दिवशी मात्र "आज आमचं सोवळं आहे हं," असं मीच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आले. "असू दे वहिनी," म्हणून त्या मागच्या पायरीवर बसायच्या. 'शिवू नका' म्हणायला माझी जीभ रेटली नसती. 'सोवळं आहे' म्हटलं की कुणी कुणाला काही बोललंच नाही असं होतं. फार सोयीचा शब्द आहे हा, आणि मी तो पुरेपूर वापरला.

यंदा त्या फोननंतर मी मावशींना पुरण वाटायला आत बोलावलं. त्या उंबऱ्याशी दोनदा थांबल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि पुढचे दोन दिवसही माझ्याशी जेमतेमच बोलल्या. पोळी मात्र जेवल्या.

आता गटात वेगळाच वाद चाललाय. दोघी-तिघी म्हणतात, पाटीवर 'सोवळ्यात करून मिळेल' असं लिहून टाकू, गिऱ्हाईक वाढेल, आडनाव कोण लिहितंय! मी नको म्हणते. पण पोळ्या त्या लाटतात, मुलांच्या फिया त्यातून भरतात. पुढच्या बैठकीत ठरेल.